'रोज ५० शब्द, महिन्यात ८ बँड': या हिशोबात काय चुकतं

परदेशातल्या विद्यापीठांचे प्रवेश सुरू झाले की आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेबद्दल (तिचे गुण ९ पर्यंतच्या 'बँड'मध्ये देतात) एक फॉरवर्ड हमखास फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच: "आयेल्ट्समध्ये ८ बँड हवेत? रोज ५० अवघड शब्द पाठ करा, ३० दिवसांत १५०० होतात. साधे शब्द टाळा. दोन निबंध तोंडपाठ ठेवा, विषय तेवढा बदला. उच्चार फॉरेनसारखा काढा. इंग्रजी सिनेमे बघा, लिसनिंग आपोआप सुधारतं." सोबत दोन रकान्यांची पीडीएफ असते, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ.

शब्दसंग्रह वाढवायला हवा, एवढं यात बरोबर आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

"१५०० शब्द झाले की ८ बँड"

आधी गुण कुठून येतात ते पाहा. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग या चार भागांच्या बँडची सरासरी काढतात आणि ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात. ६.२५ आली तर ६.५, ६.७५ आली तर ७. रायटिंग आणि स्पीकिंग परीक्षक तपासतो आणि दोन्हीकडे समान वजनाचे चार निकष असतात. शब्दसंपदा त्यांतला एक, म्हणजे पाव हिस्सा. स्पीकिंगमध्ये उरलेले तीन म्हणजे ओघ आणि सुसंगती, व्याकरण, उच्चार. रायटिंगमध्ये प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणी आणि व्याकरण.

आता समजा, सगळीकडे ६ मिळवणाऱ्या मुलीची शब्दसंपदा पाठांतराने खरोखर ८ झाली आणि बाकी सगळं जैसे थे राहिलं. स्पीकिंगमध्ये ६, ८, ६, ६, म्हणजे सरासरी ६.५. रायटिंगमध्येही तेच. चार भागांचे ६, ६, ६.५, ६.५ मिळून सरासरी ६.२५, निकालपत्रावर ६.५. शब्दांत दोन बँडांची उडी मारून हाती आला अर्धा, आणि तोही सगळं फॉरवर्डच्या बाजूने धरून.

शिवाय बऱ्याच ठिकाणी एकूण बँडवर भागत नाही. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये प्रत्येकी ७ आणि रायटिंगमध्ये ६.५ लागतात. एका भागात कमी पडलं तर दुसरीकडचे ८ ते भरून काढत नाहीत.

"रोज ५०"

पाठ केलेला शब्द उजळणीशिवाय टिकत नाही, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाही माहीत असावं, कारण शेवटी "रिव्हिजन करत राहा" असं असतं. ते करून पाहू. प्रत्येक शब्द १, ३, ७ आणि १५ दिवसांनी पुन्हा पाहायचा ठरवला, तर सोळाव्या दिवशी ५० नवे शब्द आणि पंधराव्या, तेराव्या, नवव्या व पहिल्या दिवसाचे मिळून २०० जुने. एका शब्दाला अर्धं मिनिट धरलं तरी सव्वाशे मिनिटं. रोज. त्यानंतर रीडिंगच्या सरावाला कुणात त्राण उरतं? म्हणून उजळणी सुटते आणि तिसऱ्या आठवड्यात पहिल्या आठवड्यातले शब्द नुसते 'कुठेतरी पाहिल्यासारखे' वाटू लागतात.

हाच हिशोब रोज १० शब्दांनी केला आणि प्रत्येक शब्दाचं एक कार्ड धरलं, तर दिवसाला ५० कार्डं आणि २५ मिनिटं. तीन महिन्यांत ९०० शब्द होतात, आणि ते वापरता येण्याजोगे असतात. कार्डं कागदाची करा किंवा अंकीसारख्या ॲपमध्ये, फरक पडत नाही. चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर न्यायचं, एवढं मात्र पाळा.

पीडीएफमधले शब्द अकारविल्हे असतात, ही आणखी एक गोची. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट', 'ॲडाप्ट' आणि 'ॲडॉप्ट' असे जुळे शब्द एकाच दिवशी घेतले की ते डोक्यात एकमेकांत मिसळतात. एक पक्का झाल्यावर दहा-बारा दिवसांनी दुसरा घ्या.

"अवघड शब्दच घ्या"

इथे फॉरवर्ड सगळ्यात जास्त चुकतो. परीक्षेतले उतारे नियतकालिकं, पुस्तकं, वर्तमानपत्रं यांतून घेतलेले आणि सर्वसाधारण वाचकासाठी लिहिलेले असतात. त्यांत जो शब्द वारंवार येतो तो आधी शिकायचा. अवघड वाटतो म्हणून शिकलेला शब्द वर्षातून एकदा भेटतो.

वारंवार येणारे शब्द कोणते, याचं काम झालेलं आहे. न्यूझीलंडच्या भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट प्रसिद्ध केली. अगदी रोजच्या वापरातली सुमारे २००० शब्दकुळं वगळून, वेगवेगळ्या विद्याशाखांच्या लेखनात सतत येणारी ५७० शब्दकुळं त्यांनी निवडली. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याचं गोत: 'ॲनलाइज', 'ॲनलिसिस', 'ॲनलिटिकल' हे सगळं एकच कुळ. ॲकॅडेमिक लेखनातला साधारण दहावा हिस्सा या ५७० कुळांनी व्यापलेला असतो. यादी दहा भागांत आहे, पहिले नऊ ६० कुळांचे आणि दहावा ३० चा. सुरुवात पहिल्या भागापासून करा, कारण सर्वाधिक वेळा येणारी कुळं त्यात आहेत.

तो पहिला भाग उघडला की बहुतेकांचा हिरमोड होतो. 'बेनिफिट', 'फॅक्टर', 'इन्कम', 'इश्यू', 'मेथड', 'पॉलिसी', 'रिसर्च'. हे तर येतात! येतात म्हणजे वाचले की कळतात. लिहिताना किती नीट येतात ते पुढे पाहू.

रीडिंगमध्ये तर निकाल बऱ्याचदा बारीक शब्दांवर लागतो. उताऱ्यात 'द म्युझियम इज फ्री ऑन संडेज' आहे आणि विधान आहे 'व्हिजिटर्स पे टू एंटर ऑन वीकडेज'. ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन? रविवारी फुकट म्हणजे इतर दिवशी पैसे असणारच, असं म्हणून अनेक जण ट्रू लिहितात. उताऱ्यात इतर दिवसांबद्दल अवाक्षर नाही, म्हणून उत्तर नॉट गिव्हन. 'ओन्ली', 'सम', 'मे', 'मोस्ट' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारण्याची सवय अशा वेळी कामी येते.

"साधे शब्द टाळा"

फॉरवर्डच्या सल्ल्याने लिहिलेलं वाक्य असं होतं: 'अ प्लेथोरा ऑफ इंडिव्हिज्युअल्स युटिलाइज ऑटोमोबाइल्स टू कम्यूट टू देअर वर्कप्लेस.' म्हणायचं होतं एवढंच: 'मोर अँड मोर पीपल ड्राइव्ह टू वर्क.' दुसऱ्या वाक्यात संख्या वाढते आहे हे कळतं, पहिल्यात ते हरवलं. 'प्लेथोरा'ला गरजेपेक्षा जास्तीची छटा आहे, माणसांची नुसती संख्या सांगायला तो बसत नाही. परीक्षक नेमकेपणा पाहतो. कमी प्रचलित शब्द वापरल्याचं श्रेय मिळतं, पण तो जिथे शोभतो तिथे, आणि शेजारच्या शब्दांशी त्याचं जमत असेल तरच. मराठीत आपण 'मुसळधार पाऊस' म्हणतो, 'मुसळधार वारा' म्हणत नाही. इंग्रजीतही पाऊस 'हेवी' असतो आणि वारा 'स्ट्राँग', अदलाबदल केली की कानाला खटकतं.

आयेल्ट्सच्या ॲकॅडेमिक प्रकारात रायटिंगच्या टास्क १ मध्ये, म्हणजे आलेखाच्या वर्णनात, हे फार दिसतं. आकडा ४० वरून ६० वर गेला तर 'रोज टू ६०' आणि 'रोज बाय २०'. 'टू' आणि 'बाय' उलटे पडले तर माहितीच चुकते. टक्क्यांत आणखी एक खड्डा आहे. प्रमाण २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेलं, तर वाढ १० 'पर्सेंटेज पॉइंट्स'ची. तिला '१० पर्सेंट' म्हटलं तर चूक, कारण २० च्या मानाने ती ५० टक्के आहे. 'स्कायरॉकेटेड' पाठ केलेल्या मुलाने ३ टक्क्यांच्या वाढीलाही तेच लावलेलं असतं.

"मराठी अर्थ पाठ झाला की शब्द आला"

मराठी अर्थ मदत करतो, पण त्याच्या मागून मराठी विभक्तीही इंग्रजीत येते. 'त्याविषयी चर्चा केली' वरून 'डिस्कस्ड अबाउट', तिथे 'अबाउट' नको. 'तिच्याशी लग्न' वरून 'मॅरिड विथ', हवं 'मॅरिड टू'. 'मला समजावून सांग' वरून 'एक्स्प्लेन मी', हवं 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'माझ्या मते' वरून 'अकॉर्डिंग टू मी', इंग्रजीत ते दुसऱ्याच्या मताला लावतात, स्वतःचं मत 'इन माय ओपिनियन'. 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'ॲडव्हाइस' यांना अनेकवचनाचा एस लागत नाही. आणि 'आय पास्ड आउट इन २०२२' हे आपल्याकडे पदवीबद्दल असतं, बाहेरच्याला आधी 'शुद्ध हरपली' असं ऐकू येतं.

म्हणून कार्डावर अर्थाची ओळ शेवटची ठेवा. 'बेनिफिट'चं कार्ड घ्या. पुढच्या बाजूला गाळलेला शब्द: 'सिटीज ____ फ्रॉम पार्क्स.' मागे 'बेनिफिट', क्रियापद आणि नाम दोन्ही, जोर पहिल्या अक्षरावर. त्याखाली जोड्या: 'बेनिफिट फ्रॉम समथिंग', 'बेनिफिशियल टू हेल्थ'. त्याखाली आपली नेहमीची चूक: 'इट गिव्ह्ज बेनिफिट' खोडून 'इट ब्रिंग्ज बेनिफिट्स'. सगळ्यात खाली स्वतःच्या गावाबद्दलचं एक वाक्य. एका कार्डाला तीन-चार मिनिटं जातात, म्हणून तर रोज दहाच.

"दोन निबंध तोंडपाठ ठेवा"

रायटिंगच्या टास्क २ साठी, म्हणजे निबंधासाठी, किमान २५० शब्द आणि सुचवलेली ४० मिनिटं. याचं वजन टास्क १ च्या दुप्पट. प्रश्न निरनिराळ्या साच्यांत येतो: कितपत सहमत आहात, दोन्ही बाजू मांडून स्वतःचं मत द्या, फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का, कारणं आणि उपाय सांगा. 'सहमत'चा पाठ निबंध 'दोन्ही बाजू'च्या प्रश्नावर चिकटवला की एक बाजू गायब होते आणि पहिल्याच निकषाला फटका बसतो. 'इन दिस कंटेम्पररी एरा, इट इज अ हॉटली डिबेटेड टॉपिक' छापाची सुरुवात परीक्षकांनी इतक्यांदा वाचलेली असते की पाठांतर पहिल्या ओळीत उघडं पडतं. सफाईदार प्रस्तावनेखाली अडखळता परिच्छेद आला, तर जोड नुसत्या डोळ्यांना दिसतो.

पाठ करायचंच असेल तर क्रम पाठ करा. पाच मिनिटं आराखडा, त्यात दोन मुद्दे आणि प्रत्येकाला एक उदाहरण. तीस मिनिटं लेखन. शेवटची पाच मिनिटं फक्त आपल्या ठरलेल्या चुका शोधायला: 'ही', 'शी' नंतर क्रियापदाचा एस, 'द' आणि 'अ', अनेकवचनं.

"फॉरेनसारखा उच्चार"

भारतीय ढब म्हणून गुण कापत नाहीत, बोलणं सहज कळतं का ते पाहतात. उसना उच्चार दोन मिनिटांत सुटतो आणि तो सांभाळताना ओघ जातो, म्हणजे एका निकषासाठी दुसरा गमावला. मराठी माणसाने तीन गोष्टींवर काम केलं तर पुष्कळ झालं. एक, व्ही आणि डब्ल्यू: आपल्या 'व'मध्ये दोन्ही मावतात, इंग्रजीत व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. दोन, भूतकाळाचा ईडी: 'वर्केड' नव्हे 'वर्क्ट', 'आस्केड' नव्हे 'आस्क्ट', पण 'वॉन्टेड'मध्ये मात्र तो पूर्ण उच्चारायचा, कारण आधी टी आहे. तीन, जोर: 'डेव्हलप'मध्ये तो दुसऱ्या अक्षरावर, 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर. ('स्कूल'चं 'इस्कूल' आपण करत नाही, तेवढी मेहनत वाचली.)

"सिनेमे बघा, लिसनिंग होतं"

सबटायटल लावून पाहिलं तर ते वाचन होतं. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, आणि ऐकताऐकता उत्तर लिहायचं असतं. त्याचा सराव म्हणजे श्रुतलेखन. संहिता उपलब्ध असलेली दोन मिनिटांची ध्वनिफीत घ्या. एकदा न थांबता ऐकून हाती लागेल ते लिहा, मग थांबवत थांबवत पूर्ण करा, मग संहितेशी ताडून चुका लाल पेनाने दाखवा. पहिल्या आठवड्यात लाल शाई बहुतेक करून शब्दाच्या शेवटच्या एसवर, 'द'वर आणि 'फिफ्टीन'च्या जागी लिहिलेल्या 'फिफ्टी'वर सांडते. अवघड शब्दावर क्वचितच.

स्पेलिंग चुकलं तर लिसनिंगमध्ये ते उत्तर चूक धरतात. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही वळणं चालतात. 'अकॉमडेशन'मध्ये सी दोन आणि एम दोन, 'गव्हर्मेंट' म्हणताना न ऐकू येणारा एन, 'वेन्सडे'तला डी. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' अशी सूचना असताना 'द सिटी लायब्ररी' लिहिलं तर शब्द तीन होतात आणि उत्तर बाद. 'सिटी लायब्ररी' लिहिलं तर बरोबर. चुकीच्या उत्तराला उणे गुण नाहीत, म्हणून ४० पैकी एकही जागा कोरी सोडू नका.