पालिसाने नाव विकलं, पण निदान माल तरी खरा होता

वहिनीला आज मेल आलाय. 'तुमचा तारा आणखी तेजस्वी ताऱ्याशी बदलून घ्या, सवलत फक्त आजच.' वाचून टाळकंच सरकलं.

दादा गेल्यावर तिने कुठल्याशा वेबसाइटवरून त्याच्या नावाने तारा घेतला होता. सोनेरी काठाचं प्रमाणपत्र, नकाशावर एक लाल गोल, खाली कुणाची तरी वळणदार सही. ते नाव जगातली एकही वेधशाळा मानत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच.

यावर हमखास कुणीतरी म्हणणार, खगोलशास्त्रज्ञांनीही नावं विकलीच की! हो बाबा, विकली. व्हिएन्नाच्या योहान पालिसाने. दुर्बिणीला डोळा लावून 122 लघुग्रह शोधले होते त्या पठ्ठ्याने. 29 ऑगस्ट 1886च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या मोहिमेसाठी पैसे हवे होते, तर गड्याने चक्क जाहिरात दिली: 244 नंबरच्या लघुग्रहाला नाव द्यायचा हक्क, 50 पौंड. (त्याचं नाव शेवटी सीता पडलं. मला विचाराल तर छानच झालं.) मग 3 सप्टेंबर 1885ला त्याला सापडला 250 नंबरचा. बॅरन अल्बर्ट रॉथशिल्डने 50 पौंड मोजले आणि बायकोचं नाव दिलं, बेटिना. प्रेम म्हणा, नाहीतर पैशाचा माज म्हणा. पण मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात साडेपाचेक वर्षांत सूर्याला एक फेरी मारणारा तो दगड आजही प्रत्येक यादीत बेटिनाच आहे.

आणि वहिनीचा लाल गोल? तो फक्त तिच्या भिंतीवर.

ते प्रमाणपत्र तिने दादाच्या फोटोशेजारी लावलंय. फोटो पुसते, त्याच फडक्याने त्याचीही काच पुसते. तिला त्यातून आधार मिळतो, नाही कशाला म्हणू. तिच्यासमोर मी यातलं अक्षरही काढणार नाही.

पण या दुकानदारांना सोडणार नाही. आज लघुग्रहाचं नाव सुचवायचा पहिला मान शोधणाऱ्याला, त्याला दहा वर्षांची मुदत, निर्णय आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या समितीचा. नाव सोळा अक्षरांत बसवायचं. विकत काहीच मिळत नाही. पालिसाने विकलेला दगड निदान त्याने स्वतः रात्री जागून शोधला होता. यांनी काय शोधलं? घरातलं माणूस नुकतंच गेलेली गिऱ्हाइकं.