पोपडा निघालेला रुपया तीन लाखांचा? आधी ती सेफ्टी पिन खाली ठेवा

परवा पंचवटीत आत्याकडे गेलो, तर ओट्यावर एक बशी, बशीत लिंबाचा रस आणि मीठ, आणि त्यात बुडवलेला आजोबांचा १९४४ चा रुपया. शेजारी सेफ्टी पिन. "पोपडा सुटत आलाय बघ. पूर्ण निघाला की तीन लाख मिळतात," असं म्हणत आत्याने मोबाइल पुढे केला. तोच मेसेज. या महिन्यात मला चार जणांनी पाठवलाय आणि चौघांनाही 'खोटं आहे' एवढंच लिहून मी विषय सोडला होता. सोडायला नको होता.

मेसेजचं म्हणणं असं: जुन्या नाण्याचा थर सुटलेला दिसला की ती टाकसाळीची चूक, किंमत तीन लाख. दोष उठून दिसावा म्हणून नाणं लिंबू-मिठाने घासा आणि पोपडा मोकळा करा. भोकाचा पैसा, टाकसाळीची खूण नसलेलं नाणं, दुहेरी ठसा हे सगळं नाशिकरोडच्या टाकसाळीत चुकलेलं, म्हणून दुर्मीळ. फोटो पाठवा, १,५५० रुपये नोंदणी भरा, परदेशी ग्राहक मिळवून देऊ, रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे.

आत्याने १,५५० रुपये भरले होते.

घासण्याचंच आधी बोलतो, कारण पैसे एखादवेळेस परत मिळतील, नाण्याचा पृष्ठभाग मिळत नाही. १९४० ते ४५ चे रुपये निम्म्या चांदीचे आहेत. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. लिंबाचं आम्ल वरच्या थरातलं तांबं खातं, मिठाचे कण ओरखडे पाडतात, आणि ऐंशी वर्षांत चढलेली शांत काळपट झाक जाऊन मागे निर्जीव पांढुरका रंग उरतो. जाणकार गिऱ्हाईक असं नाणं हातात घेतं, तिरपं धरून उजेडात फिरवतं आणि परत ठेवतं. पितांबरी, चिंच, टूथपेस्ट, सगळ्याचं तेच.

आता पोपडा. इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करायलाच हवं. थर सुटणं हा खरोखरच धातूचा दोष असू शकतो. मिश्रधातू ओतताना आत हवा, मळी किंवा कसलीही अशुद्धी राहिली आणि तोच धातू लाटून पत्रा केला, की ती जागा पत्र्यात लांबट पसरते. तिच्यावरचा थर खालच्या धातूला धरून राहत नाही. तांबट आळीत पत्रा ठोकणाऱ्या कुणालाही विचारा, पत्र्याला पापुद्रा सुटणं त्यांना नवं नाही. त्या पत्र्यातून कापलेल्या चकतीचं नाणं झालं की कधी ठसा मारण्याआधी, कधी नंतर, कधी पन्नास वर्षांनी तो थर उचकटतो. अमेरिकेची युद्धकाळातली चांदी-मँगनीज मिसळलेली पाच सेंटची नाणी यासाठीच ओळखली जातात.

आत्याचा रुपया धुऊन, टिपून दहापट भिंगाखाली धरला. राजाच्या मानेखाली तांदळाच्या दाण्याएवढा खळगा. खळग्याच्या तळाशी बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने, लाकडाच्या शिरांसारख्या. कडेचं अक्षर खळग्यापाशी येऊन तुटलेलं, तळाशी त्याचा मागमूस नाही. म्हणजे थर ठसा मारल्यावर निघाला. आधी निघाला असता तर अक्षर खळग्यात उतरलेलं, फिकं का होईना, पण दिसलं असतं. एका टोकाला अर्धवट सुटलेला पोपडा अजून लोंबत होता, कांद्याच्या पातीसारखा पातळ. दोष अस्सल होता! आणि त्याच पोपड्याच्या मुळाशी ताजा चकचकीत ओरखडा, ओरखड्याच्या कडेला धातू वर रेटलेला. तो टाकसाळीचा नाही, सेफ्टी पिनचा. एवढ्या खळग्यासाठी मी स्वतः चांदीच्या भावावर फार तर थोडे पैसे जास्त दिले असते. चांदी किती, तर ११.६६ ग्रॅमच्या नाण्यात निम्मी, ५.८३ ग्रॅम. तीन लाखांचा हिशोब कुठून आला?

आत्याच्या डब्यात आणखी एक सोललेलं नाणं होतं, १८४० चा कंपनी सरकारचा रुपया. तिला ते जास्त मोलाचं वाटत होतं, कारण पोपडा मोठा. पण खाली धातू लालभडक. कंपनीचा अस्सल रुपया आतून-बाहेरून एकाच धातूचा, ९१.७ टक्के चांदीचा. त्याचा थर निघाला तरी खाली चांदीच दिसणार. इथे तांब्यावर चांदीचा मुलामा होता आणि तो झिजून उडाला होता. सराफाच्या काट्यावर नाणं साडेनऊ ग्रॅमही भरलं नाही. खोटं नाणं. मेसेज या दोन पोपड्यांना एकाच मापात तोलतो, आणि नेमका जो फसवा, त्याचाच फोटो त्यात छापलाय.

बाकीचे मुद्दे फार वेळ घेण्यासारखे नाहीत. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ मध्ये मुद्दाम तसाच पाडला, युद्धात धातू वाचवायला. अक्षरं भोकाभोवती नीट मांडलेली आहेत, एकही कापलेलं नाही. खूण नसणं ही कोलकाता टाकसाळीची ओळख आहे. मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. आणि नाशिकरोडला नोटा आणि मुद्रांक छापतात, तिथे नाणी पाडतच नाहीत. हे नाशिककरांनीच पुढे पाठवावं याचं वाईट वाटतं.

दुहेरी ठशाचंही तसंच. १९०६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. क्षत्रप राजा नहपानाची नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. खालचा नहपानाचा चेहरा काहींवर अजून दिसतो. ती कुणाची चूक नव्हती, जिंकलेल्या राजाने केलेली घोषणा होती. एका नाण्यावर दोन ठसे दिसले की आधी दुसरा ठसा कुणाचा ते विचारायचं, किमतीचं नंतर.

टाकसाळीच्या खऱ्या चुका असतातच, आणि त्यांचे संग्राहकही आहेत. चकती कापताना चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेलं नाणं घ्या. खरं असेल तर त्या चंद्रकोरीच्या बरोबर समोरची कड बहुधा फिकी, दबलेली दिसते, कारण ठसा मारण्याआधी चकतीची कड उचलून घेताना धातूला त्या बाजूला पुरेसा रेटा मिळत नाही. कानशीने कापलेल्या नाण्याची समोरची कड ठणठणीत असते. मेसेजमध्ये यातला एक शब्द नाही.

राहिली रिझर्व्ह बँकेची मान्यता. ४ ऑगस्ट २०२१ ला बँकेनेच पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही, त्यासाठी ती कधीच शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि कुठल्याही संस्थेला, कंपनीला, व्यक्तीला तिने तसा अधिकार दिलेला नाही. मेसेजमधला १,५५० चा मुद्दा तिथेच संपतो. परदेशी ग्राहकाचं म्हणाल तर शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

आत्याने त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. रुपया तिने पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवलाय, पोपडा आहे तसाच लोंबता. रविवारी तिला त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या नाणे संग्रहालयात नेणार आहे. डब्यातली बाकीची नाणी तोवर कुणी धुणार नाही, एवढं तिने कबूल केलंय.