माळरान पण पाहिजे आणि दीडशे टन पण? (नेपियर गवताच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की गॅससाठी नेपियर लावताना जपून असं लिहून मी एसीत बसून शेतकऱ्याला घाबरवतोय, हे चाऱ्याचं गवत माळावर पण येतं, एकरी दीडशे टन निघतं, त्यापासून गॅस बनवणारी कंपनी टनाला १००० देते म्हणजे दीड लाख कुठं गेले नाहीत, पुढं दर वाढेलच, आणि युरोपात मिस्कँथस गवतावर वीज बनते मग आपल्यालाच काय धाड भरलीय. एसीचं राहू द्या, घरात कूलर आहे आणि तो पण गेल्या उन्हाळ्यात बंद पडला.

दीडशेचा आकडा खोटा नाहीये. कोइमतूर विद्यापीठाच्या को-४ वाणाचं उत्पादन हेक्टरी ३८० ते ४०० टन सांगतात, म्हणजे एकरी दीडशे-एकशेसाठ. पण ते बागायती रानात, भरपूर खतावर, वर्षाला सात कापण्या घेऊन. माळावर येतं हे पण खरं. फक्त ही दोन्ही वाक्यं एकाच रानाबद्दलची नाहीत, कंपनीचा एजंट ती एका दमात बोलतो आणि आपण माना डोलावतो. माळावर गवत जगेल, टन विसरा. टन पाहिजेत तर उसाएवढं पाणी पाजायला लागतं, आणि तेवढं पाणी असलेला माणूस गवत कशाला लावेल? ऊस एकरी ४० टन आणि तोडणी-वाहतूक जाऊन हातात २८०० धरले तरी १ लाख १२ हजार होतात. आपल्यासारख्याच्या रानात नेपियर मी ८० टन धरतो, त्याचे झाले ८० हजार, खर्च अजून वजा व्हायचाय.

आता खत, ज्याबद्दल कुणीच बोलत नाही. ८० टन ओल्या चाऱ्यात वाळलेला माल साधारण १६ टन, बाकी सगळं पाणी. त्या १६ टनातून दोनशे किलोच्या आसपास नत्र आणि त्याहून जास्त पालाश (म्हणजे पोटॅश) रानातून निघून जातो. युरियाच्या दहा गोण्या स्वस्तात येतील हो, सबसिडी आहे, पण पोटॅशच्या दहा गोण्या, गोणी दीड हजाराच्या वर, ते बघा. नाही टाकलं तर पहिली दोन वर्षं जमीन उधार देते, मग तिसऱ्या वर्षी फुटवे बारीक व्हायला लागतात.

मिस्कँथसची गंमत इथंच आहे. ते वर्षातून एकदाच कापतात, तेही हिवाळा सरताना, तोवर पानातलं अन्न परत खाली कंदात उतरलेलं असतं आणि उभं गवत जागेवरच वाळतं. म्हणून खत नावाला लागतं. आपण नेपियर हिरवंगार, दीड-दोन महिन्यांनी कापतो, सगळा कस ट्रॉलीत भरून पाठवतो. आणि तिकडं तरी कुठं सोनं पिकलं? ब्रिटनमध्ये लागवडीला मिळणारं अनुदान २०१३ ला बंद झालं, लागवड सात-आठ हजार हेक्टरवरच रेंगाळली, आणि तिथलं ड्रॅक्सचं मोठं वीजकेंद्र मुख्यत्वे बाहेरून आणलेल्या लाकडाच्या गोळ्यांवर चालतं.

कंपनी दर वाढवेल म्हणता, कशी वाढवेल? टनभर ओल्या नेपियरमधून ३५ किलोच्या आसपास गॅस निघतो. २०१८ ला 'सतत' (SATAT) नावाची असा गॅस तेल कंपन्यांनी विकत घ्यायची सरकारी योजना आली तेव्हा किलोला ४६ रुपये ठरले होते, म्हणजे टनाचे १६०० रुपये. नंतर दर वाढला, समजा ६० धरा, २१०० झाले. त्यातले हजार तुम्हाला, वर कापणी आणि वाहतूक (नुसत्या ऊसतोडीलाच टनाला साडेतीनशेच्या पुढे जातात), मग प्लँट, वीज, व्याज. उरलं काय? त्या योजनेत ५००० प्लँटचं लक्ष्य होतं, त्याच्या जवळपास पण गाडी गेली नाही ती उगाच नाही. आणि उन्हाळ्यात हाच चारा गोठेवाला हजाराच्या कितीतरी वर उचलतो, म्हशीशी स्पर्धा करून गॅस बनवायचा म्हणजे अवघडच.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मी पण वीस गुंठे लावलं होतं, अशाच एका गॅस कंपनीची सभासद फी भरली, लावायच्या कांड्या त्यांच्याकडूनच घेतल्या (त्यांचा खरा धंदा बहुतेक तोच होता), गवत डोक्याच्या वर गेलं आणि गाडी काही आली नाही. आज येते उद्या येते करत गवत निबर झालं, शेवटी शेजारच्या गोठ्याला पडेल त्या भावात दिलं.

आता तुमचं एक बरोबर आहे ते पण सांगतो. प्लँट आठ-दहा किलोमीटरच्या आत असेल, स्लरी (गॅस काढून उरलेला पातळ चोथा) तुमच्या रानात परत येत असेल आणि बांधावरचं, ओढ्याकाठचं, उसाला न चालणारं रान असेल तर मी पण लावीन. स्लरी परत आली की पोटॅशचा निम्मा प्रश्न मिटतो. तुमच्या मेहुण्यांनी दोन एकर लावलंय म्हणता ना, करारात स्लरीचं काही लिहिलंय का, आणि वजन काट्यावर ओलं धरणार की वाळल्या मालावर दर कापणार, एवढं त्यांना विचारून इथं टाका.