एका सहीत गुलामी संपली? नाही हो
परत तो मेसेज फिरतोय, अमेरिकेचे अध्यक्ष लिंकननी १८६३ ला गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि अमेरिकेतले सगळे गुलाम त्याच दिवशी मोकळे झाले म्हणून. अहो, तो जाहीरनामा फक्त बंड केलेल्या राज्यांपुरता होता, केंटकीसारख्या बंड न केलेल्या राज्यात गुलामी कायद्याने डिसेंबर १८६५ पर्यंत चालूच होती.

आणि नंतरचं तर कोणी सांगतच नाही. १८६५ च्या नोव्हेंबरात मिसिसिपी राज्याने 'ब्लॅक कोड' आणले, म्हणजे मोकळ्या झालेल्या काळ्या लोकांसाठी वेगळे कायदे: दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवायचा, नसेल तर भटक्या ठरवून ५० डॉलरपर्यंत दंड, पाच दिवसांत भरला नाही तर जो दंड भरेल त्याच्याकडे राबायला पाठवणार. करार मोडून वर्षाच्या मधेच काम सोडलं की तोवरचा त्या वर्षाचा पगार बुडाला, वर पकडून परत आणणाऱ्याला ५ डॉलर आणि मैलामागे १० सेंट, तेही पळालेल्याच्याच मजुरीतून कापायचे (काय डोकं लावलंय बघा!). अनाथ पोरं 'उमेदवारी'च्या (म्हणजे काम शिकण्याच्या) नावाखाली बांधून द्यायची, त्यातही पहिला हक्क जुन्या मालकाचा.

१८६६ च्या नागरी हक्क कायद्याने यातलं बरंच कागदावर रद्द झालं, पण भटकेपणाचे कायदे नाव बदलून पुढे चालूच राहिले. तेव्हा तो मेसेज पुढे ढकलू नका.