पदर, पिन आणि पाठ क्रमांक सात

बी.एड.च्या माझ्या सातव्या सराव पाठावर कॉलेजच्या मॅडमनी दिलेला शेरा ऐका. ‘पदर सैल. निऱ्या वर-खाली. पोशाखाकडे लक्ष द्यावे.’ तीन वाक्यं साडीवर. आणि पाठावर? ‘ठीक.’

ठीक!

आठवीला ‘बल व दाब’ होतं. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने लावलेलं बल. दोनदा सांगितलं, तक्ता लावला, त्या तक्त्यावर मी रात्री बारापर्यंत बाण रंगवले होते. पोरं जांभया देतायत. शेवटी खांद्यावरची पिन काढली. टोकाकडून वहीच्या पुठ्ठ्यात खुपसली, मग तेवढ्याच जोराने डोक्याकडून दाबून दाखवली. मागच्या बाकावरचा एक उठला, ‘टोक बारीक म्हणून घुसतंय ना बाई?’ अरे राजा, तेच तर! सगळा वर्ग एकदम जागा. आणि मागे बसलेल्या आमच्या मॅडमना काय दिसलं? पदर. पिन हातात म्हटल्यावर पदर सुटणारच ना! परिसरातल्या वस्तूंमधून साधनं तयार करा, हे यांनीच शिकवलंय. खांदा परिसरात येत नाही वाटतं.

बरं, साडी तरी आपल्या आवडीची? छे. चॉकलेटी, पिवळा काठ, ठरलेल्याच दुकानातून. खडू सांडला की लगेच दिसतो. फॉल-पिको वेगळं, ब्लाउजची शिलाई वेगळी. सकाळची एसटी, एका हातात तक्त्यांची गुंडाळी, दुसऱ्या हातात निऱ्या, दांडा धरायला तिसरा हात कुठून आणू? हे असं दुसऱ्या वर्षाचे सोळा आठवडे. मी काय जीन्स मागतेय? सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये शिक्षकांसाठी पोशाखाचं काढलं, त्यातसुद्धा साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा आहे. किंवा! विचारलं तर म्हणे, ‘ते नोकरी लागल्यावर.’ नोकरी! भरतीचं नाव काढू नका, माझं डोकं आणखी फिरेल.

आणि आमच्या गटातले दादा चपला फटफटवत आले, शर्ट खोचला, झालं. शेरा काय, तर ‘आत्मविश्वास चांगला’. निऱ्या सांभाळायच्या नसल्या की माझाही येईल हो आत्मविश्वास.

हे सगळं मैत्रिणीपुढे ओकून मी तणतणत व्हरांड्यात आले. समोरून तोच मागच्या बाकावरचा. आणि माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय बाहेर पडावं? ‘ए, शर्ट इन कर आधी!’

त्याने शर्ट खोचला. खोचता खोचता माझ्या लोंबणाऱ्या पदराकडे बघितलं. बोलला काही नाही, गुणी पोरगं. मीच गुपचूप पदर कमरेला खोचला.

उद्या हाच पाठ ‘ब’ तुकडीवर. येताना पिनांचं अख्खं पाकीट घेतलंय. खांद्याला चार, निऱ्यांना तीन, आणि एक दाब शिकवायला.