"माहीतच होतं" म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी घानाच्या त्या पत्रकाराची क्लिप टाकली. अनस अरेमेयाव अनस, तो जो चेहऱ्यावर मण्यांच्या माळा सोडून फिरतो. छुपा कॅमेरा, समोर जज, आणि जज पैसे घेतायत. खाली उत्तरं काय, तर हसऱ्या स्मायल्या, "हे तर शेंबड्या पोरालाही माहितीये", "आपल्याकडे पाठवा त्याला, मेमरी कार्ड पुरायचं नाही". ऑफिसात होते म्हणून गप्प बसले, पण घरी आल्यापासून डोकं ठणकतंय.

हसलात कशाला? त्या माणसाच्या टीमने दोन वर्षं खपून 34 जज आणि मॅजिस्ट्रेट पकडले, त्यातले 12 हायकोर्टाचे. कुणी रोख घेतली, कुणी बोकड घेतला, बोकड! 2015 च्या सप्टेंबरमध्ये घानाच्या राजधानीत, आक्रामध्ये, ते शूटिंग लोकांना दाखवलं तेव्हा बघायला रांगा लागल्या होत्या, काही जज तर ते दाखवू नका म्हणून स्वतःच कोर्टात गेले. तिथल्या लोकांनाही आधीपासून माहीतच असणार ना हे सगळं? तरी ते उन्हात रांगेत उभे राहिले. वर्ष संपायच्या आत खालच्या कोर्टांतले वीस जण घरी गेले. आणि आपण स्मायली टाकतो.

आता आप्पांचं सांगते. आप्पांनी वाटपाचा दावा लावला होता, प्रतिवादी धाकटे काका. काका आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे, रोज सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसलेले. आणि समन्स दर वेळी परत, वर बेलिफाचा, म्हणजे समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा शेरा, 'प्रतिवादी पत्त्यावर मिळून आले नाहीत'. अहो, अख्ख्या गावाला मिळून येतात ते! शेवटी वकील म्हणाले, "आप्पासाहेब, बेलिफाचं जरा बघून घ्या, समोरच्यांनी बघितलंय." आप्पा प्राथमिक शाळेत मास्तर होते, आयुष्यात कुणाला फुकटचा चहा पाजला नव्हता. त्यांनी दिले. त्याच आठवड्यात काका 'मिळून आले'.

तेव्हा हे गावात सगळ्यांना माहीत होतं, काकांना, वकिलांना, कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला. काय झालं त्याने? कागदावर काय राहिलं? 'मिळून आले नाहीत', खाली सही, शिक्का. आमचं खरं गावभर बोललं जात होतं आणि त्यांचं खोटं फायलीत होतं, आणि कोर्ट फाइल वाचतं. छुपा कॅमेरा मला पटतो तो एवढ्यासाठीच, सामान्य माणसाच्या बाजूने एक तरी कागद तयार होतो.

हो, स्टिंगचा गैरवापर होतो, 2007 मध्ये दिल्लीत एका शिक्षिकेला खोट्या स्टिंगमध्ये अडकवलं आणि जमावाने तिला मारहाण केली, ते विसरले नाहीये मी. पण म्हणून सगळेच कॅमेरे बंद करायचे?

त्याच वर्षी दिल्लीतच बीएमडब्ल्यू केसचं स्टिंग झालं. 1999 मध्ये गाडीखाली सहा माणसं मेली होती, त्यात तीन पोलीस. एनडीटीव्हीने दाखवलं की सरकारी वकील आय. यू. खान, आरोपीचे वकील आर. के. आनंद आणि साक्षीदार यांचं आपसात काय चाललंय. हायकोर्टाने दोघाही वकिलांना कोर्टाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं, 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने खान यांना त्यातून सोडलं पण आनंद यांना दोषीच ठेवलं, आणि ते टीव्हीवर दाखवणं जनहिताचं होतं हेही मान्य केलं. म्हणजे कोर्टालाही हे पटलेलं आहे हो, आमच्या ग्रुपला पटत नाही.

आणि 2004 चं अहमदाबाद आठवतंय का कुणाला? झी न्यूजच्या रिपोर्टरने 40 हजार रुपये खर्चून एका मॅजिस्ट्रेट कोर्टातून वॉरंट काढून आणली, कुणाच्या नावाने, तर राष्ट्रपती अब्दुल कलाम आणि सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांच्या! तेव्हाही आपण हसलोच होतो. मला ते बघताना भीती वाटली होती, कारण कलामांच्या नावाने वॉरंट निघतं तर आप्पांच्या नावाने काय काय निघेल.

प्रामाणिक जज असतात, आप्पांच्या दाव्यातच शेवटी एक बाई आल्या, तारीख द्यायच्याच नाहीत उगाच, समोर बसवून ऐकून घ्यायच्या. अशांसाठीच राग येतो जास्त. सगळेच खातात म्हणून हसलात की त्या बाई आणि तो बेलिफ एकाच रांगेत बसवलेत तुम्ही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, ग्रुपवरचे सगळे माझेच लोक आहेत, वाईट कुणी नाही. थकलेत. कोर्टाची पायरी चढलेला माणूस हसण्यावारी नेतो कारण दुसरं काही हातात नसतं, आप्पाही नंतर नंतर तो किस्सा हसून सांगायचे. पण त्यांची रोजच्या खर्चाची वही अजून माझ्याकडे आहे, एसटी, चहा, झेरॉक्स सगळं पैशापैशाने लिहिलेलं, आणि त्या दिवशी रकमेपुढे नुसतं 'कोर्ट खर्च'. वहीतही खरं लिहायची लाज वाटली त्यांना. लाज बेलिफाला वाटायला हवी होती.

अजून एक, मग थांबते. अनसच्या टीममधला अहमद सुआले, जानेवारी 2019 मध्ये आक्रात गोळ्या घालून मारला त्याला. त्याआधी त्यांच्याच टीमने केलेल्या फुटबॉलमधल्या लाचखोरीच्या तपासावरून चिडलेल्या एका खासदाराने टीव्हीवर सुआलेचा फोटो दाखवला होता. क्लिपवर हसताना हे माहीत होतं का कुणाला?

ग्रुपवर मी ती क्लिप परत टाकतेय. स्मायली नको. कुणी कोर्टात कधी पैसे दिले असतील, समन्ससाठी, नकलेसाठी, तारखेसाठी, तर नाव-गाव न घेता खाली कमेंटमध्ये लिहा, किती दिले आणि कशासाठी. आप्पांचे पाचशे होते, पहिली कमेंट माझी.