दोन कातड्यांचा हिवाळा

नाशिकच्या थंडीचे कौतुक करणारी माणसे बहुधा तबला वाजवत नसावीत. निफाडचा पारा एक आकडी झाला की वर्तमानपत्रांत धुक्यातल्या गोदाघाटाची छायाचित्रे झळकतात, द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून रात्र रात्र जागून बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, आणि या सगळ्या जागरणात माझ्या उजव्या तर्जनीच्या पेराची विचारपूस करावी असे कोणालाही वाटत नाही. वास्तविक तडकण्याच्या बाबतीत हे पेर कोणत्याही थॉमसनच्या मण्याहून एक पाऊल पुढेच असते. पण मणी निर्यात होतात आणि पेर पंचवटीच्या पलीकडे जात नाही.

याला काही अंशी निसर्ग जबाबदार आहे. अंगावरच्या बहुतेक त्वचेला तेल पुरवणाऱ्या ग्रंथी असतात, पण तळहात आणि तळपाय यांना त्या मुळीच नसतात. थंड हवेत बाष्प कमी असते. ती त्वचेतला ओलावा शोषून घेते, आणि आपण पहाटेच्या हुडहुडीत कढत पाणी व साबण वापरून जो काही स्निग्धांश उरलेला असेल तोही धुऊन टाकतो. त्यावर रियाज. ‘ना’ हा बोल वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे चामड्याच्या कडेच्या कडक पट्टीवर आदळते. वर्षानुवर्षांच्या आघातांनी तेथे घट्टा तयार होतो. तो पावसाळ्यात वादकाची ढाल असतो. थंडीत मात्र वाळून ताठ होतो, बोटाबरोबर वाकायला नकार देतो आणि कडेने फुटतो. अशी भेग दिसायला केसाएवढी असते, पण द्रुत लयीतला ‘तिरकिट’ सुरू झाला की तिचे अस्तित्व टाळूपर्यंत जाणवते.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल की तेल लावा. येथेच खरा पेच आहे. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते आणि तिच्यावरची शाई, म्हणजे मधला काळा गोल, लोहकीस व खळ यांचे थरावर थर घोटून बसवलेली असते. या दोहोंना तेलाचे वावडे आहे. तेलकट बोट शाईला लागले की नाद मंदावतो आणि गुरुजींचा चेहरा त्याहून मंदावतो. बोट सरकावे आणि घाम टिपला जावा म्हणून आम्ही जी पावडर लावतो, ती उरलासुरला ओलावाही टिपून नेते. डाव्या हाताची कथा आणखी करुण आहे, कारण बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, मींड म्हणजे घसरता नाद काढण्यासाठी मनगटालगतचा तळवा कातड्यावर दाबून घासावा लागतो आणि पावडर नसेल तर तो मध्येच अडतो. थोडक्यात, बकऱ्याच्या कातड्याला जे मानवते ते माझ्या कातड्याला सोसत नाही, आणि दोघांच्या भांडणात घरातील बहुमत बकऱ्याच्या बाजूने आहे. त्याला मखमली खोळ आहे, बसायला गादी आहे, उन्हात ठेवायचे नाही, ओल लागू द्यायची नाही असा दंडक आहे. एवढे लाड होऊनही कोरड्या थंडीत तो ताणला जाऊन सुराने चढतोच. त्याच सुमारास आमच्या मंडळातील गायकबुवांचा गळा सर्दीने उतरलेला असतो. ते खाली येतात, तबला वर जातो आणि मी भेगाळलेल्या हाताने हातोडी घेऊन सूर उतरवायला गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या चामडी वेणीवर, खालून ठोकत बसतो.

मार्गशीर्ष हा आमच्या भजनी मंडळाचा सुगीचा महिना. चंपाषष्ठी, गुरुवार, दत्तजयंती आणि मधूनमधून लग्नांआधीची भजने. प्रत्येक ठिकाणी एक उपाय प्रसादासारखा मिळतो. कोकणातून आलेल्या मावशींनी मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचा गोळा दिला. तो गरम करून भेगेत भरला की पहिल्यांदा ब्रह्मांड आठवते आणि नंतर खरोखरच आराम पडतो. शेजारच्या काकांची निष्ठा ग्लिसरीन आणि गुलाबपाण्यावर. पखवाजवाल्या बुवांकडून मला सहानुभूतीची अपेक्षा होती, परंतु त्यांना प्रत्येक कार्यक्रमाआधी डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक लावावी लागते. ओला हात, सुका हात, पुन्हा ओला हात असे चालल्यामुळे त्यांची बोटे माझ्याहून वाईट फुटली होती. त्यांनी आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला आणि माझे दुःख एका क्षणात कनिष्ठ ठरवले. एक ढोलकीपटू म्हणाला, की भेगेत झटपट चिकटणारा गोंद भरावा. शस्त्रक्रियेनंतर त्वचा जोडायला डॉक्टर वापरतात तो गोंद त्याच कुळातला असला, तरी वेगळा आणि शरीरासाठी बनवलेला असतो. खेळण्याची मोडकी चाके जोडायची नळी बोटात रिकामी करण्याइतका माझा संगीतावर विश्वास नाही.

अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट पाहिले आणि विचारले, “घरी भांडी तुम्ही घासता का?” मी म्हणालो, “नाही, तबला वाजवतो.” त्यावर शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी पहिल्या उत्तराची दोनदा खात्री करून दिली. बाईंचा सल्ला मात्र मोलाचा निघाला. कढत पाणी सोडून कोमट घ्यावे, साबण सौम्य असावा, आणि हात टिपल्यावर ते पुरते वाळण्याआधीच मलम लावावे, म्हणजे आतला ओलावा आत राहतो. युरिया असलेले मलम टणक त्वचेला मऊ करते. फक्त उघड्या भेगेवर ते झोंबते, तेथे साधी पेट्रोलियम जेलीच बरी. घट्टा कापायचा नाही, तो आपल्या कामाचा आहे. आंघोळीनंतर वज्रीने त्याच्या कडा हलकेच घासून सपाट ठेवायच्या, कारण फाटायला सुरुवात कडेपासूनच होते. बोटाला कागदी चिकटपट्टी लावून वाजवता येते, असेही त्या म्हणाल्या. वाजवता येते हे खरेच आहे. पण पट्टी लावलेल्या तर्जनीचा ‘ना’ ऐकून आमचे गायकबुवा समेवर येण्याऐवजी मागे वळून दारावर कोण आले ते पाहतात.

हे सारे तबल्याच्या वेळापत्रकात बसवणे एवढेच माझ्या हाती होते. मलम नेहमी रियाजानंतर, आधी कधीही नाही. पावडर फक्त डाव्या तळव्यापुरती. आणि खरी शुश्रूषा रात्री, जेव्हा बकरा खोळीत झोपलेला असतो. हाताला जेलीचा जाड थर द्यायचा आणि वरून सुती मोजे चढवायचे. हातमोजे बाजारात मिळतात, पण घरात जुन्या पायमोज्यांचा साठा असताना त्यावर खर्च करण्याची कल्पना एकमताने फेटाळली गेली. दोन्ही हातांत पायमोजे घातलेल्या गृहस्थाला स्वतःच्या अंगावर रजई ओढता येत नाही, मोबाइल उचलता येत नाही, आणि नाक खाजले तर घरच्या मंडळींना उठवावे लागते. “अहो, एवढे लाड माझ्या हातांचे केले असते तर?” या प्रश्नावर युक्तिवाद करायला हातवारे लागतात. तेही मोज्यांत असल्याने मी उत्तर देत नाही. आता मलमाची डबी ओट्याजवळही एक असते.

हात सुधारले आहेत. ही वार्ता मंडळाच्या कार्यवाहांना मात्र उशिरा पोहोचली. त्यांनी दत्तजयंतीसाठी मोबाइलमधला यांत्रिक तबला आधीच नक्की केला होता, कारण त्याचे हात फुटत नाहीत आणि त्याला चहाही लागत नाही. माझा अपमान होऊ नये म्हणून त्यांनी आवर्जून फोन केला आणि सांगितले, “तुम्ही मात्र यायलाच हवे. लय कमीजास्त करायला जाणकार माणूस लागतो, आणि त्या बटणाला बोट फार जोरात लावावे लागत नाही.”